तिसरा रकाना

तामलवाडीच्या टोलनाक्यावर रांग लागली होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपार कलून गेली तरी डांबरातून झळा निघत होत्या. देवीचं दर्शन घेऊन आई आणि मी तुळजापूरहून परत निघालो होतो. आईच्या मांडीवर ओटीचा नारळ, हातात कवड्यांची माळ, आणि गाडीच्या टपाखाली जुन्या रेक्झिनचा, तापलेल्या रबराचा वास. पुढचा ट्रक थांबला. मी ब्रेक दाबला, गिअर काढला आणि सवयीनं नजर डायलकडे गेली. ऑईलचा काटा उतरत होता, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा, एका संथ लयीत. २५, १५, मग १०च्याही खाली जाऊन तो थरथरत टेकला. माझ्या उजव्या पायानं ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. काटा चढला. पाय सोडला, उतरला. पुन्हा दाबला. ट्रक पुढं सरकला, आम्ही पुढं सरकलो, आणि पळू लागल्यावर काटा ४०च्या आसपास जाऊन शहाण्यासारखा बसला.

रात्री गच्चीवर पडल्यावर आठवत राहिला तो पाय. रेस दिली की काटा वर येतो, हे त्याला कधीपासून माहीत होतं? सात रस्त्याच्या सिग्नलला, जुन्या तुळजापूर नाक्याला, रेल्वे फाटकाशी, किती महिने मी उभ्या गाडीला रेस देत होतो? आणि एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं की आपण हे का करतोय.

गाडी १९६३ची एमजीबी. दोन सीटची, उघडी, एके काळी आकाशी निळी. इंग्लंडात शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी ती बोटीनं मुंबईला उतरवून सोलापुरात आणली होती. डॉक्टर गेल्यावर रेल्वे लाईन्समधल्या बंगल्याच्या पत्र्याखाली ती कित्येक वर्षं चिंचेचा पाला अंगावर घेत उभी राहिली. बाबांनी ती १९८६ साली जवळपास भंगाराच्या भावानं उचलली. बाबा गिरणीत फिटर होते. बैलगाडीला बांधून गाडी चाळीत आली तेव्हा सगळी चाळ बाहेर आली होती, आणि कुणीतरी बॉनेटवर हळदकुंकूही वाहिलं होतं. दोन वर्षं बाबा रात्रपाळी करून सकाळी तिच्याखाली शिरत. गिरणीतून आणलेलं कॉटन वेस्ट, त्यावर रॉकेल, आणि पुसून निघालेला काळा चिकटा. माझं बालपण त्या वासाचं आहे. सुताचा पांढरा कचरा बाबांच्या हातात काळा होत जाई, मग बंबात जाई, आणि त्याच पाण्यानं आम्ही अंघोळ करत असू.

या गाडीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो डायल. एकाच गोलात दोन काटे, एक पाण्याच्या उष्णतेचा, एक ऑईलच्या दाबाचा. ऑईलचा काटा विजेवर चालत नाही. इंजिनातलं ऑईल एका बारीक नळीतून थेट डॅशबोर्डच्या मागं येतं, तिथल्या वाकड्या पोकळ पत्र्यात शिरतं आणि त्याला सरळ करू पाहतं. त्याच्या त्या हलक्या ताणावर काटा फिरतो. इंजिनाचं रक्त आपल्या गुडघ्यापाशी येऊन सांगून जातं की आत काय चाललंय. नळीचा जोड सैल झाला तर तेच ऑईल चालवणाऱ्याच्या बुटावर ठिबकतं. बाबा स्टार्टर मारला की काचेवर नखानं दोनदा टिचकी मारत, दार वाजवल्यासारखी, आणि काटा उठेपर्यंत एक शब्द बोलत नसत. पुस्तकात आकडे दिलेले आहेत: गरम गाडी पळताना ५० ते ८० पौंड, स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, १० ते २५. आम्हा भावंडांना पाढ्यांइतकेच हे आकडे पाठ होते.

दुसऱ्या दिवशी मी एका मोठ्या शहरातल्या, जुन्या विलायती गाड्यांचं काम करणाऱ्या गॅरेजला फोन लावला. पलीकडच्यानं वर्ष विचारलं, मॉडेल विचारलं, आणि मी ‘स्लोवर आठ’ एवढं म्हणताच निकाल दिला: इंजिन उतरवा, क्रँक ग्राइंडिंग, सगळी बेअरिंगं, पंप, बोअर, गाडी टेंपोत घालून पाठवा. खर्चाचा आकडा ऐकून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. असं आठ असण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं. पण त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. ऑईल किती आहे, कुठलं आहे, काटा खरा बोलतो का, कधीपासून बोलतो. न विचारता मिळालेलं खरं उत्तरही मला घशाखाली उतरेना.

अण्णांचं नाव मला एका रिक्षावाल्यानं सांगितलं. अशोक चौकाच्या पुढं, यंत्रमागांच्या खडखडाटात, दोन पत्र्यांच्या मधोमध त्यांची जागा. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी, पोरांशी हिंदी. सत्तरीचे असावेत. आयुष्य गेलं ते अ‍ॅम्बॅसिडरमध्ये: टॅक्स्या, सरकारी पांढऱ्या गाड्या, लग्नाच्या गाड्या. २०१४मध्ये कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला अ‍ॅम्बॅसिडर बनणं बंद झालं तेव्हापासून काम कमी होत गेलेलं. मी बॉनेट उघडलं. अण्णा वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि हसले. “ह्ये तर आपलंच इंजिन हाय की मालक. थोरला भाऊ.” आणि ते खरंच होतं. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं इंजिन आणि या गाडीचं १७९८चं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली. माझ्या गाडीत तर सुरुवातीचं, तीन मेन बेअरिंगांचं इंजिन आहे. पाच बेअरिंगांचं १९६४च्या शेवटी आलं. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली उघडी स्पोर्ट्‌स कार आणि सोलापूर स्टेशनवर ‘अक्कलकोट, अक्कलकोट’ ओरडत सात माणसं भरणारी टॅक्सी एकाच आईची लेकरं आहेत, हे बाबांना माहीत असणार. मला ते कळायला अण्णांचं हसू लागलं.

अण्णांनी त्या दिवशी पाना हातात घेतला नाही. डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा बुडवली, ऑईल बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. पेट्रोलचा वास येतो का बघत होते. कार्बोरेटर गळून पेट्रोल ऑईलमध्ये उतरलं तर ऑईल पातळ होतं आणि काटा पडतो. वास नव्हता. “पातळ हाय पण. कुठलं टाकलंय?” मी डबा दाखवला. मागच्या वेळी दुकानदारानं आग्रहानं दिलेलं महागडं सिंथेटिक, ५डब्ल्यू-३०. नव्या गाड्यांसाठी उत्तम. पण नव्या इंजिनांतल्या फटी बारीक, साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाच्या फटी मोठ्या, आणि वर सोलापूरचा उन्हाळा. या गाडीला २०डब्ल्यू-५० लागतं, थंडीत विसाच्या ऑईलसारखं वाहणारं आणि तापल्यावर पन्नासाच्या ऑईलइतका दाटपणा धरून ठेवणारं. ऑईल बदललं, फिल्टर बदलला. आठवड्यानं पुन्हा अण्णांकडे. गरम स्लोवर काटा ८वरून ११ला आला होता. मी खुश होतो. पुस्तकातल्या १०च्या वर होतं ना. अण्णा खुश नव्हते. “औषध लागलं म्हनून आजार न्हाई असं नसतंय.”

मग त्यांनी काट्यावरच शंका घेतली. मला हे फार आवडलं. ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या शेजाऱ्याकडून त्यांनी तपासणीचा गेज आणला, इंजिनाला जिथं डायलची नळी बसते तिथं थेट लावला, आणि गाडी पंखा लावून अर्धा तास चालू ठेवली. पत्र्याखाली भट्टी झाली. पाण्याचा काटा वर आला, अण्णांच्या बनियनवर घामाचा नकाशा उमटला, शेजारचे माग थांबून पुन्हा सुरू झाले. बाहेरच्या गेजवर १२. डायलवर ११. “खरं सांगतोय बिचारा,” अण्णा म्हणाले आणि गेज काढून घेतला. साठ वर्षांचा तो डायल खरा निघाला याचा मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला. काटा खोटा निघावा अशी माझी इच्छा होती, हे मला तो खरा निघाल्यावरच कळलं.

दाब म्हणजे काय, हे अण्णांनी मला पाण्यावरून सांगितलं. सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं तेव्हा गल्लीत जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टाकीवरचा पंप तेवढंच पाणी ढकलतो. पण खालच्या घरांनी नळ मोकळे सोडले की वरच्या माळ्यावर नुसती हवा फुसफुसते. इंजिनातही पंप फक्त ऑईल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढं अडल्यामुळं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यातली फट बारीक असेल तर ऑईल अडतं, झिजून रुंद झाली तर ऑईल मोकळ्या नळासारखं सांडून जातं. पळताना पंप जोरात फिरतो, सांडलेलं भरून काढतो, म्हणून काटा बरा दिसतो. स्लोवर पंपाचा जोर कमी, ऑईल तापून पातळ, आणि मग कुठल्या घरचा नळ उघडा आहे ते कळतं. “गाडी पळताना समदे चांगलेच दिसत्यात,” अण्णा म्हणाले. “गरम करून उभी करायची. मग बगायचं.”

इंजिनाच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूला एक घुमटासारखा मोठा नट आहे. त्याच्या आत रिलीफ व्हॉल्व्ह: एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला वाटीसारखा ठोकळा. दाब फार वाढला की स्प्रिंग दबते आणि जादा ऑईल परत चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, जातं. वाटीखाली कचऱ्याचा कण अडकला तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि स्लोवर दाब गळतो. इंजिन उघडण्याआधी हे बघणं अगदी स्वस्तातलं काम. अण्णांनी नट सोडवला, गरम ऑईलची धार त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. स्प्रिंग बाहेर आली. वाटी स्वच्छ, बसायची जागाही स्वच्छ. मग त्यांनी घुमटाच्या आत बोट घातलं आणि काहीतरी टोकरून काढलं. तळहातावर दोन वायसर होते, काळे, एकमेकांना चिकटलेले. “हे कंपनीचं न्हाई. कुणीतरी स्प्रिंगला टेकू दिलाय.”

या गाडीला बाबांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता.

स्प्रिंग पट्टीवर ठेवली. मोकळी असताना ३ इंच असायला हवी. ती पाव इंचानं आखूड झाली होती. आखूड स्प्रिंग लवकर दबते, व्हॉल्व्ह लवकर उघडतो, पळतानाचा दाब खाली येतो. मागं वायसर घातले की ती पुन्हा ताठ होते आणि काटा वर चढतो. पण स्लोवर हा व्हॉल्व्ह मिटलेलाच असतो. वायसर दोन घाला की दहा, गरम स्लोवरच्या काट्याला त्याचं काही नाही. बाबा गिरणीतले फिटर होते. त्यांना हे माहीत नसणं शक्य नव्हतं.

घरी आल्यावर मी कपाट उघडलं. बाबांची वही तिथं होती, जाड पुठ्ठ्याची, गिरणीच्या स्टोअरमध्ये असायची तशी आडव्या रेघांची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. वहीला अजून डांबरगोळ्यांचा आणि थोडासा ग्रीसचा वास आहे. १९८८पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारची नोंद. तीन रकाने: थंड, पळताना, गरम स्लो. अक्षर कोरल्यासारखं. पहिली ओळ ७०, ६०, २२. पानं उलटत गेलो. तिसऱ्या रकान्यात २२चे २० झाले, २०चे १८. किती हळू. एका नोंदीवरून दुसरीवर गेलं तर काही बदललंय असं वाटूच नये, आणि दहा पानं एकदम उलटली की छातीत धस्स व्हावं. १५. १४. १२. मग गिरणी बंद पडल्यानंतरच्या वर्षातली एक ओळ: ‘स्प्रिंगमागे २ वायसर.’ त्या ओळीत पळतानाचा आकडा ५०वरून ६५ झालेला. तिसऱ्या रकान्यात १२. पुढच्या महिन्यापासून तिसरा रकाना कोरा.

वही शेवटपर्यंत भरलेली आहे. थंड आणि पळताना, महिना न चुकता. तिसरा रकाना तेवढा रिकामा, पानामागून पान, उभ्या रेघा मात्र पट्टी लावून आखलेल्या.

मी त्या कोऱ्या चौकोनांकडे बराच वेळ बघत बसलो. पैसे नव्हते, हे खरं. त्या वर्षी आई बिड्या वळणाऱ्या शेजारणींकडून काम शिकत होती, बाबा एका मागवाल्याकडे मोडलेले धोटे दुरुस्त करायला जात होते. सुटे भाग मिळत नव्हते, हेही खरं. पण वहीत ‘काम करायचं राहिलं’ एवढी एक ओळ तरी लिहिता आली असती. ज्या माणसानं मला पहिलीत असताना फट मोजायच्या फिलर गेजची पानं मोजायला शिकवली, थाऊतला, इंचाच्या हजाराव्या भागातला, फरक बोटाला कळला पाहिजे म्हणायचा, त्यानं एक रकाना बघायचाच नाही असं ठरवलं. मला राग आला. इंजिनासाठी आलेला राग बाबांवर गेला, आणि मग माझा तो पाय आठवला. मीही तेच करत होतो, फक्त वहीशिवाय. गिरणी सुटल्यावर बाबा एक दिवस घरी बसले नाहीत. पहाटेचा भोंगा वाजायचा थांबला तरी त्याच वेळेला उठून सायकल काढायचे. आई म्हणायची, अहो, घडीभर टेका. ते टेकले की चेहरा कसा होई, ते मला आता नीट आठवलं. आम्ही सगळेच त्यांना काहीतरी काम काढून देत असू.

आईला मी वायसर दाखवले. तिनं ते उजेडात धरले, पदरानं पुसले. “गिरणीतले आहेत,” एवढंच म्हणाली आणि फडताळातल्या सुपारीच्या डबीत ठेवून दिले.

चेंबर उघडायचं ठरलं. या गाडीत त्यासाठी इंजिन पुढून थोडं उचलावं लागतं. अण्णांनी चेन पुली लावली. जाळीत थोडा गाळ होता आणि गाळात चमक. बेअरिंगच्या शेलचा, म्हणजे आतल्या अर्धगोल अस्तराचा, वरचा करडा थर गेला की खालचं तांबूस अंग दिसू लागतं, तीच चमक. कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकेक करून उतरल्या. चारही शेल तांबूस झालेले, तिसरा सगळ्यात जास्त. क्रँकच्या अंगावर अण्णांनी नख फिरवलं, डोळे मिटून. ओरखडा नव्हता. मायक्रोमीटरनं चारी बाजूंनी मोजलं, कुठं अंडाकृती झालेलं नव्हतं. पंप उघडला: आतल्या आणि बाहेरच्या रोटरच्या पाकळ्यांमध्ये सहा थाऊच्या आत फट हवी, तिथं नऊचं पान सहज गेलं. अण्णा म्हणाले, आणखी एक उन्हाळा काढला असता तर क्रँक गेली असती. आता क्रँकला हात लावायची गरज नव्हती. नवे शेल, नवा पंप, नवी स्प्रिंग. सगळं इंग्लंडहून मागवलं, यायला महिना लागला, आणि त्या गॅरेजनं सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शात काम झालं. मेन बेअरिंगं बदलली नाहीत. त्यासाठी इंजिन उतरवावंच लागतं. मधलं उघडून बघितलं, ते अजून करडं होतं. अण्णांनी ते मला बोट लावून बघायला लावलं आणि म्हणाले, “ह्याला अजून वेळ हाय. पन इसरू नका.”

जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या रविवारी आई आणि मी पुन्हा तुळजापूरला गेलो. रस्त्याकडेची काळी माती ओली झाली होती आणि उघड्या गाडीत तिचा वास भरून येत होता. पळताना काटा ५८वर. बाबांच्या वेळी तो ६५च्या वर असायचा. आईच्या ते लगेच लक्षात आलं. “खाली आलाय का रे?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. तिनं पुढं काही विचारलं नाही. परतताना तामलवाडीला रांग होतीच. मी गिअर काढला आणि उजवा पाय उचलून मागं, सीटच्या बुडाशी घेतला. काटा उतरू लागला. चाळीस, तीस. पायाला ओढ लागली होती, पोटरी ताठ झाली होती. आईनं हात लांबवून काचेवर नखानं दोनदा टिचकी मारली. काटा थांबला.

घरी आल्यावर तिनंच फडताळातून वही काढून दिली. पट्टी घेऊन मी नवं पान आखलं, तारीख घातली. थंड ६२. पळताना ५८. गरम स्लो १९.